डॉक्टरांची पांढरी अ‍ॅम्ब्युलन्स

मँचेस्टरला मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत राहत होतो, त्या डॉक्टरांकडे एकशे चौदा बूट होते. त्यातला एकही माझ्या अंगठ्याच्या पेराहून मोठा नव्हता. शिवाय हेल्मेटं, दुर्बिणी, पाणबुड्याचे पंजे, पॅराशूटचे पट्टे, पाण्याच्या बाटल्या आणि रायफली. हे सगळं स्पेनमध्ये बनलेल्या वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या शिपायांचं, गिर्यारोहकांचं सामान. शिपाई मात्र एकही नाही. ज्यांच्या पायातून हे बूट निघाले ते गडी त्या घरात औषधालाही सापडले नसते.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "डॉक्टर, ह्यांची माणसं कुठायत?"

"माणसं तीस वर्षं फाडली रे," ते म्हणाले. "आता सामान बघू दे."

ते पॅथॉलॉजिस्ट होते. तिथल्या सरकारी हॉस्पिटलात तळघरात बसून पोस्टमार्टेम करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. हाच प्रश्न दूधवाल्यानं विचारला तेव्हा त्यांनी "दे आर अ‍ॅट द फ्रंट" असं गंभीर तोंडानं सांगितलं. लंडनमध्ये स्टॅनमोरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं विचारलं तेव्हा म्हणाले, माणसं जागा फार घेतात. खरं कारण कुठलं, ते मला कधीच कळलं नाही. मी अंदाज पुष्कळ केले, पण माझे अंदाज किती किमतीचे असतात ते पुढे येईलच.

बुटांच्या जोडीला गाड्या होत्या. समोरच्या खोलीत चार फळ्या भरून स्पॅनिश मोटारी, दुधाच्या व्हॅन, बंब, साइडकारची मोटरसायकल. पन्नास-साठच्या दशकातल्या पत्र्याच्या, नंतरच्या ओतीव धातूच्या, काही प्लास्टिकच्या. स्वतः डॉक्टर स्पेनला कधी गेले नव्हते. का, तर ऊन सोसत नाही. मग स्पॅनिशच का? "इंग्लिश पोरं खेळणी खोक्यात घालून जपतात. स्पॅनिश पोरं चावतात." याला पुरावा काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या बुटांवर दातांचे व्रण होते हे खरं. प्रत्येक बूट नमुन्याच्या काचेच्या बाटलीत, बाटलीवर चिठ्ठी. "डावा, तपकिरी. टाचेवर चावा, बहुधा दुधाचे दात. मालक अज्ञात."

घरातही ते टाय लावायचे. काकडी चिरताना इतकी पातळ चकती काढायचे की तिच्यातून खिडकी दिसे, आणि ती खिडकीसमोर धरून बघितल्याशिवाय कोशिंबिरीत टाकायचे नाहीत. मी एकदा मदत म्हणून काकडी चिरली तर म्हणाले, "हे काय, लाकडं फोडलीस?" मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. मी 'वरचा'. मुलीचा फोन आला की, "हो, वरचा आहे घरात. जेवतो भरपूर."

त्या घरातला माझा पहिला पराक्रम व्हॅक्यूमचा. त्यांच्या गालिच्यावर काहीतरी काळं, जिऱ्याएवढं पडलेलं मी ओढून घेतलं. ती पाणबुड्याची सुरी निघाली. चहाच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "व्हॅक्यूम तू फिरवलास?" मी घाबरून हो म्हणालो. मग आम्ही दोघं वर्तमानपत्र पसरून व्हॅक्यूमच्या पिशवीतला कचरा चिमट्यानं चिवडत बसलो. दोन तासांनी सुरी सापडली. मला वाटलं आता बिऱ्हाड हलवायची वेळ आली. तर ते खुशीत.

"तू लगेच हो म्हणालास. 'मी? कधी?' असं करत बसला असतास तर उद्या पिशवी कचऱ्यात गेली असती." आणि सुरीच्या चिठ्ठीवर त्यांनी खाली लिहिलं, "काही काळ व्हॅक्यूममध्ये."

त्या एका 'हो'वर त्यांनी माझी पारख केली. माणसाची पारख करण्यात पॅथॉलॉजिस्ट कच्चा असतो, हे माझं मत तेव्हापासूनचं. त्याच्यापुढे आलेली माणसं थापा मारत नाहीत ना.

काचबिंदूनं त्यांची नजर चालली होती. कडेकडेनं अंधार येतो, मधे नाण्याएवढं भोक उरतं, आणि ते भोकही हळूहळू बुजतं, असं ते मला रोगाचं वर्णन करून सांगायचे, जसं काही दुसऱ्याच कुणाला झालाय. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्यातनं ते जग किल्लीच्या छिद्रातून बघावं तसं बघायचे. म्हणून त्यांनी नवं काम काढलं. पूर्वी पोस्टमार्टेमचे रिपोर्ट ज्यात बोलायचे ते छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र बाहेर आलं. रोज संध्याकाळी चहानंतर एक वस्तू माझ्या हातात द्यायची. मी बघून सांगायचं, ते टेपवर जायचं. पूर्ण आंधळे झाल्यावर वस्तू हातात धरून ते ती टेप ऐकणार होते.

"दिसतं ते सांगायचं," पहिल्या दिवशी म्हणाले. "वाटतं ते खिशात ठेव. मला बरं वाटावं म्हणून बोललास तर माझ्या काही कामाचा नाहीस."

"म्हणजे टवका असला तरी सांगायचा?"

"टवका आधी सांगायचा. यकृत किती मोठं आहे ते सांगतो आपण. किती गोड आहे ते नाही."

मी कॉम्प्युटरचा अभ्यास करायला आलो होतो, आणि दिवसाकाठी अर्धा तास 'मागचा उजवा टायर, रबर तडकलेलं, दीड मिलिमीटर' असं बोलत होतो. आवडायला लागलं मला ते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझा शब्द जसाच्या तसा नोंदवून घेत होतं.

त्या सगळ्यात राणी होती ती अ‍ॅम्ब्युलन्स. हातभर लांब, पांढरी, प्लास्टिकची. दारांवर लाल फुली, मागची दारं उघडणारी, आत बोटाएवढं स्ट्रेचर. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये जुन्या खेळण्यांचा बाजार भरायचा, तिथे ती मिळालेली. बोल्टनचे एक निवृत्त बस ड्रायव्हर डॉक्टरांचे प्रतिस्पर्धी. दोघांचा हात एकदमच तिच्यावर पडला आणि शेवटी नाणं उडवून निकाल लागला. तिच्यावर ना टवका, ना दाताची खूण.

"हिच्याशी कुणी खेळलंच नाही," मी म्हणालो. "तुम्हाला तर चावलेल्या आवडतात."

डॉक्टरांनी ती किल्लीच्या छिद्रासमोर धरली. "आमच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स यायची ती सगळं झाल्यावर. तीस वर्षं. वेळेवर आलेली मी एकही बघितली नाही. ही एकटीच अशी, जी अजून निघालेली नाही."

यापलीकडे त्यांनी भावनेचं काही बोललेलं मला आठवत नाही.

दसऱ्याच्या सुमारास मुलीनं त्यांना लंडनला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. तीन दिवस स्टॅनमोरला मुक्काम. जाताना त्यांनी समोरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "वरच्या, धूळ झटक. बाकी काही करू नकोस."

आता त्याच आठवड्यात आमच्या आईचं पत्र आलं होतं. "खंडेनवमीला हत्यारं आणि गाडी पुजायला विसरू नकोस. परदेशात असलास म्हणून काय झालं." माझ्याकडे हत्यार म्हणाल तर एक स्क्रूड्रायव्हर, आणि गाडी म्हणाल तर बसचा पास. पास पाटावर ठेवून फूल वाहावं की काय या विचारात मी होतो, आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. खाली चाळीस गाड्या! दोन डझन रायफली! इतकी वाहनं आणि इतकी शस्त्रं एका छपराखाली असलेलं दुसरं मराठी घर सगळ्या इंग्लंडात नसेल. शिवाय त्याच दिवशी तिकडे डॉक्टरांच्या डोळ्यांचा निकाल लागणार होता. त्यांच्या नावानं पूजा केली तर काय बिघडणार होतं?

मी आंघोळ केली. पेट्रोल पंपावरून कार्नेशनची फुलं आणली. आंब्याची पानं नव्हती म्हणून शेजाऱ्याच्या कुंपणाची तोडली. रायफली ओळीनं मांडल्या, गाड्या दर्शनी मांडल्या, मधोमध राणी. कोरडी हळद चिकटेना, म्हणून तुपात कालवली. कुंकूही. धातूच्या गाड्यांना एकेक बोट लावलं. अ‍ॅम्ब्युलन्सला विशेष मान म्हणून बॉनेटवर चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं, छपरावर पाच बोटं ओढली. उदबत्ती लावली. डोळे मिटून म्हणालो, देवा, डॉक्टरांची नजर वाचव.

दुसऱ्या दिवशी पुसायला गेलो. धातूवरचं निघालं. जुन्या पांढऱ्या प्लास्टिकनं मात्र हळद अशी पिऊन टाकली होती की जणू जन्मापासून तहानलेलं. फडक्यानं घासलं, जाईना. मग कपड्यांच्या साबणाची पावडर लावली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे लग्नातल्या हळदीचे कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईनं मला सांगितलं असतं. बॉनेट रक्तासारखं लाल झालं. घाबरून मी संडासातलं ब्लीच आणलं. त्यानं लालाचा मळकट गुलाबी केला, आणि छपरावरून ओघळत दारांवरच्या दोन्ही फुल्या मात्र साफ, एकदम साफ, उडवून लावल्या. जिथे लाल हवं तिथे पांढरं, जिथे पांढरं हवं तिथे लाल. अजून न निघालेली ती अ‍ॅम्ब्युलन्स एका दुपारीत कुठेतरी जाऊन, कुणालातरी घेऊन, उशिरा परत आल्यासारखी दिसत होती.

डॉक्टर तिसऱ्या दिवशी आले. मुलीनं त्यांना हाताला धरून आत आणलं आणि बाजूला येऊन मला म्हणाली, "बाबांचा नजर वाचणार नाही. सिक्स मंथ्स, मॅक्स. प्लीज, तू त्यांना बघशील ना?" तिचं मराठी असंच होतं, पण रडू खरं होतं. मी मान डोलावली. देवानं माझी पूजा कुठल्या रांगेत टाकली होती कुणास ठाऊक.

चहा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅम्ब्युलन्स आण. आज तिची टेप करू. लाल आणि पांढरं मला आता वेगळं कळत नाही."

मी ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती डोळ्याजवळ नेली, फिरवली, मागची दारं उघडून स्ट्रेचर चाचपलं. मग त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. "हं. सांग."

सुरीच्या वेळचा 'हो' तोंडापर्यंत आला होता, शपथेवर सांगतो. पण नुकताच तो माणूस काय ऐकून आला होता! आज नको, उद्या सांगू, असं म्हणून मी खिशात ठेवायचं ते बाहेर काढलं.

"बॉनेट पांढरंशुभ्र," मी म्हणालो. "डाग नाही. दोन्ही दारांवर फुली, लाल, रंग ताजा."

"टवका?"

"नाही."

ते समाधानानं मागे टेकले. ती टेप त्यांनी पुढच्या आठवड्यांत इतक्या वेळा लावली की वरच्या खोलीत मला माझाच आवाज पाठ झाला. 'पांढरंशुभ्र. डाग नाही.' उद्या सांगू हा उद्या रोज एकेक दिवस पुढे सरकत राहिला. आणि एकदा गोड बोलायची चटक लागल्यावर मोटरसायकलचा एक टवका गिळला. बंबाची शिडी वाकली होती, ती सरळ केली. माझ्या शब्दांनी, अर्थात.

ख्रिसमसच्या आधी बोल्टनचे बस ड्रायव्हर भेटायला आले. सोबत बायकोनं केलेल्या, मनुकांचं सारण भरलेल्या मिन्स पाय. डॉक्टर मोठ्या ऐटीत म्हणाले, "वरच्या, आमची राणी आण. बघू दे यांना, नाणं उडवून काय गमावलं ते."

दुसरं काहीतरी आणावं असं मनात आलं, पण हातभर लांब अ‍ॅम्ब्युलन्सच्या जागी काय आणणार? मी ती आणली, टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांच्या पाठीमागे उभं राहून हात जोडले. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. अ‍ॅम्ब्युलन्सकडे बघितलं. पुन्हा माझ्या जोडलेल्या हातांकडे. त्याला वाटलं असेल, हा भारतीय मनुष्य नमस्कार करतोय.

"वॉट्स हॅपन्ड टू हर, डॉक?"

"व्हाय? शी इज परफेक्ट."

"परफेक्ट? शी इज पिंक, मेट. अँड वेअर हॅव हर क्रॉसेस गॉन?"

डॉक्टरांनी पाहुण्याला दुसरा कप चहा दिला, त्याच्या बायकोच्या संधिवाताची चौकशी केली, दारापर्यंत भिंत चाचपत पोचवलं. मग परत येऊन खुर्चीत बसले, टाय सारखा केला आणि यंत्रात नवी टेप घातली.

"हातात घे," म्हणाले. "बाहेरून सुरुवात. रंग?"

"डॉक्टर, मी सांगणार होतो..."

"रंग विचारला."

"गुलाबी. मळका."

"कुठे?"

"बॉनेटवर. आणि छपरावर पाच पट्टे."

"लांबी?"

मी पट्टी आणून मोजली. एकेक पट्टा. ते प्रत्येक आकडा यंत्रात इंग्रजीत पुन्हा बोलायचे, त्या तळघरात बोलत असतील त्याच सपाट आवाजात. डावं दार, फुली अनुपस्थित. उजवं दार, फुली अनुपस्थित. शेवटी थांबून विचारलं, "कारण?"

"हळद," मी म्हणालो. "मग साबण. मग ब्लीच."

"हळद कशासाठी?"

"खंडेनवमी होती. तुमच्या डोळ्यांसाठी."

हे ऐकून तरी ते विरघळतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बटण बंद केलं.

"हळद लागली, लागू दे," ते म्हणाले. "व्हॅक्यूममध्ये सुरी गेली होती, आपण लिहिलं ना खाली? हेही लिहिलं असतं. 'काही काळ देवाच्या सेवेत.' हसलो असतो." मग पुन्हा टाय सारखा केला. "किती टेपा झाल्या?"

"सदतीस."

"बाकीच्यांत?"

आता तरी खरं बोलावं म्हणून मी मोटरसायकलचा टवका सांगितला. बंबाची शिडी सांगितली. म्हटलं, बाकी सगळं खरं आहे, आईची शपथ.

"एक रिपोर्ट खोटा निघाला की तो देणाऱ्या माणसाच्या मायक्रोस्कोपखालच्या सगळ्या काचा पुन्हा बघायच्या असतात," ते म्हणाले. "नियम आहे. पण आता बघणार कोण?"

सदतीस टेपा त्यांनी एका पिशवीत भरल्या आणि स्वतः, भिंत चाचपत, मागच्या दारी कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. मी पुढे झालो तर नुसता हात वर केला.

त्यांनी मला घर सोडायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बोलणं पूर्वीसारखं, 'वरच्या' म्हणून हाकही पूर्वीसारखी. फक्त मला काही विचारणं बंद झालं. दूध नासलंय का, हे ते वास घेऊन ठरवायचे. दिवा लागलाय का, हे बल्बजवळ हात नेऊन. पत्र आलं की शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडून वाचून घ्यायचे. बाटल्यांतले बूट एकेक करून बाहेर काढून ते जिभेला लावायचे; दाताचा व्रण बोटापेक्षा जिभेला लवकर सापडतो म्हणे. मला वाटलं, माणूस आहे, विसरेल. माझा अंदाज.

वसंत ऋतूत उरलेलं छिद्रही बुजलं. मुलीच्या आग्रहाखातर मी त्यांना महिन्यातून एकदा शहरात क्लिनिकला न्यायचो. तेव्हा मँचेस्टरच्या रस्त्यांवरून नव्यानं ट्राम सुरू झाल्या होत्या, बसपेक्षा किती तरी मुक्या. एके दिवशी आम्ही रुळांच्या काठाशी उभे होतो. माझ्या हातात त्यांची बॅग, त्यांच्या हातात पांढरी काठी. मी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. पुन्हा डावीकडे.

"चला डॉक्टर. मोकळं आहे."

ते हलले नाहीत.

"डॉक्टर, काही येत नाहीये. मी बघितलं. चला."

त्यांनी मान जराशी वळवली. माझ्याकडे नाही, दुसऱ्या बाजूला, जिथे कुणाच्या तरी बुटांचा आवाज येत होता. खांद्याला पिशवी लावलेली एक बाई होती. त्यांना कधी न भेटलेली.

"एक्स्क्यूज मी," डॉक्टर टोपीला हात लावून म्हणाले, "इज इट क्लिअर?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "यू आर ऑल राइट, लव्ह. नथिंग कमिंग."

"थँक यू," ते म्हणाले. त्यांनी तिच्या कोपराला हात लावला आणि शांतपणे तिच्याबरोबर पलीकडे गेले.

मी बॅग घेऊन अलीकडेच उभा होतो. रस्ता मोकळा होता. मी खरंच बघून सांगितलं होतं.